मागच्या दाराची कडी

शहापूर, ४ ऑगस्ट २०१९

रीनाताई,

हा पत्ता तुझा नसेल, तर ज्याच्या हाती हे पत्र पडलं त्यानं कृपा करून इथंच थांबावं. तुझा असेल तर वाच. मी दीपमाला, तुझी धाकटी बहीण. अक्षर ओळखू येणार नाही. हायवेवर झेरॉक्सचं दुकान घातल्यापासून लिहायची सवय गेली, दुसऱ्यांचं लिहिलेलंच दिवसभर छापते.

पत्ता मी शोधायला गेले नव्हते, तो चालत दुकानात आला. चिखल्याचे हिरालालकाका, तू ज्याच्याकडे गेलीस त्या सूरजचे मामा, पेन्शनचे कागद घेऊन आले. गठ्ठ्यात भिलाईहून आलेलं एक पाकीट होतं आणि त्याच्या मागे तुझं नाव. मी विचारलं, "काका, याची बी कॉपी काढू का?" ते घाबरून म्हणाले, "नाई वो बाई, हे चुकून आलं." तेवढ्यात माझं वाचून झालं होतं.

आधी मुद्द्याचं सांगते. बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला आहे, 'हो'. भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. डॉक्टर म्हणतात त्यांना सगळं समजतं, फक्त बाहेर येत नाही. दुसरा झटका आला तर आशा नाही म्हणाले.

आता माझं. तू गेल्यावर या घरात काय झालं ते तुला माहीत नसणार. तुझ्या लग्नाच्या आदल्या दुपारी हळद लागली आणि 'डोकं दुखते, पडते जराशी' म्हणून तू मधल्या खोलीत गेलीस. आतून कडी लावल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्या दाराशी सपरीत, ओसरीवर, आई, मी आणि निम्म्या गावच्या बाया बसलो होतो. कोणी हललं नाही. हळद लागलेल्या नवरीला एकटी सोडायची नाही, म्हणून आई तर पाणी प्यायलाही उठली नाही. बाबा शरबतासाठी बर्फाची लादी आणायला वरठीला गेले होते. ते आले तेव्हा लादी अर्धी वितळली होती आणि आईनं सगळ्यांसमोर त्यांना झापलं होतं, "बर्फ आणाले गेलते का बनवाले?"

ऊन उतरल्यावर तुला हाका मारल्या. उत्तर नाही. बाबा घरामागच्या सांदवाडीतून, म्हशीच्या बोळातून, मागच्या दाराकडे जाऊन आले, म्हणाले तेही आतून बंद आहे. मग त्यांनी खांदा मारून पुढचं दार तोडलं. लाइन गेलेली, खोलीला खिडकी नाही, आत अंधार. बाबा आधी घुसले आणि ओरडले, "मागची कडी लागलेलीच हाय! माही पोरगी कुठी गेली?" आई कंदील घेऊन मागून गेली, मी तिच्या मागून. कडी खरंच लागलेली होती. मी स्वतः पाहिली. आणि तू नव्हतीस.

कवेलू फेरणाऱ्या परसरामला बोलावलं. त्यानं आठवड्यापूर्वीच आपलं छप्पर पावसाळ्यासाठी फेरून दिलं होतं. तो वर चढला आणि उतरून म्हणाला, एक कवेलू जागचं हललेलं नाही. मग आईनं माझ्याकडे पाहिलं. घरात बंद खोलीच्या रहस्यकथा वाचणारी मीच. "येच पोट्टीनं शिकवलं तिले. पुस्तकं वाचू वाचू डोस्कं बिघडलं इचं." माझी सगळी पुस्तकं त्या दिवशी आंघोळीच्या पाण्याखाली जळली. माझं कॉलेज सुटलं. मला पाहायला आलेले दोन पाहुणे तुझी गोष्ट ऐकून चहा पिऊन गेले. आई माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. ताटसुद्धा वाढत नाही, मी माझं वाढून घेते.

तू काय केलंस, कशी गेलीस, मला काहीसुद्धा माहीत नव्हतं. हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. एक ओळ लिही ताई: 'दीपाला काही माहीत नव्हतं.' मी ती आईला वाचून दाखवीन. आणि बाबांसाठी येता आलं तर ये.

दीपा


शहापूर, १ सप्टेंबर २०१९

ताई,

उत्तर नाही. काल तान्हा पोळा झाला. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार आली, बाबांनी डाव्या हातानं खाऊ दिला. तेवढाच त्यांचा सण.

एक मजा झाली, तुला नाही तर कोणाला सांगू? भंडाऱ्याला एका वाचनालयानं जुनी पुस्तकं रद्दीच्या भावानं काढली. मी कागद घ्यायला गेले होते, पाहते तर खालच्या थरात तीच! बाबा वरठी स्टेशनच्या स्टॉलवरून आणायचे ती खिशात मावणारी पुस्तकं, पिवळ्या पानांची, मुखपृष्ठावर किल्ली आणि रक्ताचे थेंब. मी पिशवी भरून आणली आणि आईला सांगितलं, दुकानाची रद्दी आहे.

आता रोज दुकान बंद केल्यावर वाचते. तेव्हा डोळ्यांत तेल घालून वाचायचे, आता हसू येतं. कुठल्या तरी इंग्रजी गोष्टीला धोतर नेसवलेलं. घरमालकाचं नाव दाजीसाहेब आणि खोलीत शेकोटी! आपल्या मुलखात मे महिन्यात शेकोटी पेटवणारा माणूस तसाही वाचायचा नाही, त्याचा खून कशाला करायला हवा? आणि त्या खोल्यांना दगडी भिंती, वर पक्कं छत. आपल्याकडे बंद खोली म्हणजे काय, चार कवेलू बाजूला केले की आभाळ. म्हणूनच तर आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी माना वर केल्या. लेखकांचा दोष नाही, आमच्या डोक्यातच छप्पर होतं.

पण हसता हसता वाचत गेले आणि पुन्हा त्याच भुताटकीत अडकले. पुढच्या दाराशी बाया होत्या. छप्पर शाबूत होतं. राहिलं मागचं दार, त्याची ती आडवी सरकवायची कडी, बाबांनीच बसवलेली. बाहेर जाऊन ती आतून लावायची कशी? एका पुस्तकात धागा आहे, एकात लोहचुंबक, एकात बर्फाचा तुकडा ठेवतात आणि तो वितळला की कडी पडते. आपली कडी पडणारी नाही, सरकणारी आहे. धागा मी दुकानातल्या दारावर करून पाहिला, दर वेळी तुटला.

मला वेड लागलंय असं म्हणशील. लागलंच आहे. घरात चोर म्हणून राहायचं आणि चोरी कशी झाली हेही माहीत नाही, यासारखी शिक्षा नाही. लिही ना गं.

दीपा


शहापूर, २२ सप्टेंबर २०१९

ताई,

आता तू लिहिलं नाहीस तरी चालेल असं वाटलं होतं. पण नाही चालत.

मी बाबांना पुस्तकं वाचून दाखवायला लागले होते. पूर्वी आमचा खेळ असायचा, तुला आठवत असेल. तू म्हणायचीस, "बाप-लेकीले दुसरा धंदा नाई." बाबा पाळीवरून आले की जेवताना मी गोष्ट सांगायची आणि शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं. बाबांनी खुनी ओळखायचा. ओळखला तर मी त्यांना पान करून द्यायचं. बाबांना पान कधी मिळालं नाही.

परवा पिशवीतून एक पुस्तक निघालं, ते हातात घेतल्याबरोबर ओळखलं. ही गोष्ट मी बाबांना तुझ्या लग्नाच्या उन्हाळ्यातच सांगितली होती. खोली बंद, दार तोडतात, आत मुडदा, दुसऱ्या दाराची कडी लागलेली. शेवटी काय? कडी आधी लागलेलीच नव्हती. दार तोडून जो पहिला आत धावला त्यानंच अंधारात ती लावली आणि 'बंदच आहे' म्हणून ओरडला. त्याच्या शब्दावर कोणाचा संशय गेला नाही, कारण तो घरातला मोठा माणूस.

मी वाचत होते, आई पाण्याला गेली होती. शेवटचं पान वाचता वाचता मी थांबले. वर पाहिलं तर बाबांचा डावा हात चादरीवरून उठला होता. बोटांत काहीतरी धरल्यासारखा, आणि तो आडवा सरकला. एकदा. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मला वितळलेला बर्फ आठवला. वरठीला बर्फ स्टेशनसमोरच मिळतो. एवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं. त्यांनी तुला सांदवाडीतून बाहेर काढलं, स्कूटरवर बसवून स्टेशनला सोडलं, गाडी सुटेपर्यंत थांबले आणि मग बर्फ घेऊन परत आले. खरं आहे ना? आईसमोर, आपल्या सख्ख्या काकांसमोर 'हे लग्न होणार नाही' असं म्हणायची त्यांची छाती झाली नाही. म्हणून त्यांनी मागचं दार उघडलं.

मी विचारलं, "बाबा, तुम्ही सोडलं ताईले?"

"हो."

 मग मला सुचलं, की मी त्यांना दुसरंही काहीतरी विचारून पाहावं. "बाबा, मी सोडलं का ताईले?"

"हो."

त्यांना दुसरा शब्दच येत नाही ताई. मान हलवायला जातात तीही भलतीकडे जाते. न्यायाधीशासमोर उभं केलं तरी ते हेच म्हणतील. मी त्यांचा हात धरून बसले. इतका राग आला होता की तो हात पिरगाळावा असं वाटलं, आणि इतकी माया आली की सोडवेना. मी रोज त्यांच्यासमोर बोलणी खात होते. ते पाहत होते आणि ताट पुढे ओढून जेवत होते. आईचं एका बाबतीत चुकलं नव्हतं बघ. कोणीतरी पुस्तकातूनच शिकलं होतं, मीच शिकवलं होतं. फक्त ते कोणाला, हे मला माहीत नव्हतं.

आता तू एकटीच उरलीस. खरं तेवढं लिही.

दीपा


शहापूर, ९ ऑक्टोबर २०१९

ताई,

मागचं पत्र मी रजिस्टर पोस्टानं पाठवलं होतं. आज त्याची पोचपावती परत आली. तिच्यावर तुझी सही आहे. 'र'च्या खाली तशीच शेपटी.

म्हणजे तू वाचलंस. वाचून गप्प बसलीस. मी पावती हातात घेऊन दुकानात बसून राहिले, एक बाई तीनदा म्हणाली, "वो मॅडम, आधार कार्ड दोन्ही बाजूनं काढा," तेव्हा भानावर आले.

मी तुझ्यावर चिडणार होते. मग वाटलं, तू तरी काय लिहिणार? 'बाबांनी केलं' असं लिहिलंस तर ते पत्र मी आईला वाचून दाखवू शकणार आहे का? आई त्यांना उठवते, पुसते, घास भरवते. रात्रंदिवस तिच्या तोंडात एकच असतं, "या माणसानं पोरीसाठी खांदा मोडून घेतला, त्याच बाजूले देवानं मारलं." तिच्या त्या गोष्टीवर हे घर उभं आहे. ती गोष्ट काढून घेतली तर ती त्यांना घास कोणत्या हातानं भरवील? आणि नाही काढली तर मी आहेच.

काल दसरा झाला. सोनं द्यायला कोणी आलं नाही. बाबांचा घास आता घशात अडकतो.

दीपा


शहापूर, ३ नोव्हेंबर २०१९

ताई,

हे शेवटचं. यापुढे तुला छळणार नाही.

काल दुपारी आई बाबांच्या उजव्या खांद्याला तेल चोळत होती. मी डबा घ्यायला घरी आले होते. तिनं हात थांबवला आणि म्हणाली, "दीपा, इकडे ये. आता तरी सांग."

"काय सांगू?"

"कशी काढली तिले? तुये बाबा जाऊन राहिले अन् पोरगी बंद घरातून कशी गेली हे त्याईले अजून ठाऊक नाई. याच गोष्टीत जीव अटकला हाय त्याईचा. मी काही म्हणत नाई तुले. पण त्याईच्या समोर सांगून दे. मोकळे होऊ दे त्याईले."

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. घाबरलेले होते गं. एवढा मोठा माणूस, ज्याच्या एका हाकेनं आपण दोघी हातातलं टाकून उठायचो, तो पोराटोरासारखा माझ्या तोंडाकडे पाहत होता. एका शब्दाचं काम होतं. तेवढ्यासाठी तर मी तुला इतकी पत्रं लिहिली.

मी म्हटलं, "धाग्यानं."

"कोणच्या धाग्यानं?"

"गजऱ्याच्या. कडीच्या गुंडीले अटकवला, दुहेरी करून फटीतून बाहेर काढला. ताई सांदवाडीतून गेली. मी मांगून जाऊन धागा ओढला, कडी सरकली. मंग एक टोक सोडून धागा काढून घेतला."

"तू तं माह्याजवळ सपरीत बसली होती."

"पाणी भराले गेलती एकदा. तुले आठवत नसंल."

आईनं तेलाचा हात पदराला पुसला. मग विचारलं, "तू ओढला धागा? तूच?"

"मीच."

आणि पलंगावरून आवाज आला, "हो."

आई म्हणाली, "पाहा, त्याईले बी पटलं."

मला वाटलं, संपलं. बाहेर जाऊन रडावं आणि दुकान उघडावं. पण आई उठली. देवळीतून शिवायचा धागा आणला आणि माझ्या हातात दिला. "करून दाखव. त्याईले पाहू दे."

ताई, मी दुकानात तो प्रयोग किती वेळा केला होता आणि किती वेळा फसला होता, हे तुला आधीच लिहिलंय. काय करणार? बाबांना आजकाल त्याच मधल्या खोलीत ठेवलंय, पलंग मागच्या दाराच्या समोर. मी कडीच्या गुंडीला धागा अडकवला, फटीतून बाहेर काढला, सांदवाडीत गेले, दार लोटून घेतलं. म्हैस रवंथ करत माझ्याकडे पाहत होती. मी धागा हळूच ताणला. नुसता ताणला, ओढलाही नव्हता. तो तुटला आणि त्याची टोकं माझ्या हातात आली.

मी तशीच उभी राहिले. आता आई दार ढकलून बाहेर येईल आणि म्हणेल, खोटारडे. मग सांगावंच लागेल.

आत काही हललं. आणि 'खट्' असा आवाज आला. कडी लागली.

"लागली वो दीपा," आई आतून म्हणाली. "पाहा, लागली."

मी दार ढकलून पाहिलं. खरंच बंद होतं. धागा माझ्या मुठीत. बाबा पलंगावरून कूससुद्धा बदलू शकत नाहीत. राहिली आई. जे बाबांनी त्या दिवशी अंधारात केलं, तेच आईनं भर दुपारी त्यांच्या डोळ्यांदेखत केलं.

तिला माहीत आहे ताई. केव्हापासून, ते मी विचारणार नाही. कदाचित वितळलेला बर्फ पाहिला तेव्हाच तिला कळलं असेल. पण त्यांच्याबरोबर जन्म काढायचा होता, त्यांच्यावर राग काढून चाललं नसतं. म्हणून तो माझ्यावर काढला. मी पोटची होते, कुठं जाणार होते? सांदवाडीत उभं राहून मला एवढं सगळं एकदम समजलं आणि करण्यासारखं काही उरलं नाही. ओरडावं तर कोणावर? आत एक मरणाला टेकलेला माणूस होता आणि त्याला लाज वाटू नये म्हणून कडी धरून उभी असलेली त्याची बायको होती.

थोड्या वेळानं तिनं दार उघडलं. माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. म्हणाली, "हात धुऊन घे. वाढून देते." तिनं माझं ताट वाढलं, वर तूपही घातलं. मी जेवले. नाही म्हणायला हवं होतं की काय, मला कळलं नाही.

मी काही केलं नव्हतं हे आता या घरात प्रत्येकाला माहीत आहे, आणि आता ते कधीच कोणी बोलणार नाही.

ती ओळ आता लिहू नकोस. चुकूनही लिहू नकोस. पण बाबा आहेत तोवर ये. आईचं मी पाहून घेईन. आणि ती एकटी तुला बाजूला घेईल, विचारेल, कारण ही गोष्ट टिकवायला तिला विचारावंच लागेल. तेव्हा सांगायचं, धागा गजऱ्याचा होता, मोगऱ्याच्या. आणि तो दीपानं ओढला.

तुझी
दीपा